आप्पांचं कॉम्प्युटर दिसेना तेव्हा

तुमच्या घरात या घडीला वाय-फायला किती वस्तू जोडलेल्या आहेत, मोजून बघा बरं. मी परवा मोजल्या, तर अकरा निघाल्या. चार फोन, तीन लॅपटॉप, एक टीव्ही, एक प्रिंटर, लेकीचा टॅब आणि आप्पांचं जुनं डेस्कटॉप. एकाच छताखाली, एकाच राउटरवर. आणि तरीही आप्पांच्या खोलीतला एक फोटो हॉलमधल्या लॅपटॉपवर आणायचा म्हटलं, की आम्ही काय करायचो? आप्पा तो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे. म्हणजे पंधरा पावलांवर असलेला फोटो इंटरनेटवरून जगभर फिरून, वाटेत आकुंचन पावून माझ्याकडे यायचा. आम्हाला त्यात काही वावगंही वाटत नव्हतं.

आम्ही बेंगळुरूत बनशंकरीला राहतो. मी घरून हिशेबाची कामं करते, नवरा आयटी कंपनीत, लेक नववीत. आप्पा म्हणजे माझे सासरे, मूळचे बेळगावचे. २०२३ मध्ये सासूबाई गेल्या आणि आप्पा आमच्याकडे आले. येताना सामान म्हणाल तर दोन बॅगा, देवघर आणि चादरीत गुंडाळलेलं कॉम्प्युटर. ‘‘बाकीचं राहू दे तिथंच, हे मात्र माझ्याबरोबर येणार,’’ एवढंच म्हणाले होते.

गेल्या दिवाळीच्या आधी हा विषय निघाला. आप्पांच्या कॉम्प्युटरवर विंडोज १० आहे आणि त्याला सुरक्षेचे अपडेट मोफत मिळणं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबलं. ते यंत्र विंडोज ११ घेण्याच्या वयाचं नाही. नवरा म्हणाला, ‘‘दिवाळीच्या साफसफाईत याचाही निकाल लावू. सगळं कॉपी करून घेऊ आणि हे भंगारात देऊ.’’ आप्पा काही बोलले नाहीत. संध्याकाळी मला हळूच म्हणाले, ‘‘अगं, देऊ की भंगारात. पण आधी सगळं निघालंय का ते नीट बघा. घाई नको.’’

एकूण ऐवज होता साधारण १८० जीबी. जुने फोटो, स्कॅन केलेली कागदपत्रं आणि हँडीकॅमच्या कॅसेटवरून उतरवून घेतलेले व्हिडिओ. मला वाटलं, दुपारभराचं काम. लागला अख्खा आठवडा. त्या आठवड्यात जे शिकले ते तुम्हाला सांगते, कारण तुमच्याही घरात असं एखादं कॉम्प्युटर नक्की असणार.

पेन ड्राइव्हपासून सुरुवात

आधी सोपा मार्ग धरला. ६४ जीबीचा पेन ड्राइव्ह लावला, फोटो गेले, पण लग्नाचा व्हिडिओ जाईना. पेन ड्राइव्हवर पन्नास जीबी जागा रिकामी आणि कॉम्प्युटर म्हणतंय, फाइल फार मोठी आहे! तुम्हालाही कधी हा अनुभव आला असेल तर कारण ऐका. बरेच पेन ड्राइव्ह ‘फॅट ३२’ नावाच्या जुन्या पद्धतीने तयार केलेले असतात. त्या पद्धतीत एक फाइल चार जीबीपेक्षा मोठी असूच शकत नाही, मग जागा कितीही असो. हँडीकॅमच्या डीव्ही कॅसेटचा एका तासाचा व्हिडिओ जवळपास तेरा जीबी भरतो. पेन ड्राइव्ह ‘एक्सफॅट’ पद्धतीने फॉरमॅट केला की ही अडचण सुटते. मात्र फॉरमॅट केल्यावर त्यावरचं सगळं पुसलं जातं, हे विसरू नका.

मग पोर्टेबल हार्ड डिस्क लावली. ती दोन मिनिटं चालायची आणि मध्येच नाहीशी व्हायची. जुन्या डेस्कटॉपच्या यूएसबी पोर्टमधून तिला पुरेशी वीज मिळत नव्हती. ढगात, म्हणजे क्लाऊडवर ठेवावं म्हटलं, तर गूगलची मोफत जागा १५ जीबी. कॉम्प्युटर उघडून डिस्क बाहेर काढायला आप्पांचा नकार. राहता राहिलं घरातलं नेटवर्क. आप्पांचा फोल्डर शेअर करायचा आणि माझ्या लॅपटॉपवरून उघडून कॉपी करून घ्यायचा. पुस्तकात हे तीन ओळींत लिहिलेलं असतं.

‘‘मग मी पाहुणाच म्हणायचा’’

फोल्डर शेअर केला. माझ्या लॅपटॉपवर ‘नेटवर्क’ उघडलं. प्रिंटर दिसला, टीव्ही दिसला, आप्पांचं कॉम्प्युटर काही दिसेना.

आता खरं सांगते. माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं : ‘‘आप्पा, तुम्ही काही दाबलंत का?’’ आप्पा म्हणाले, ‘‘नाही गं. इंटरनेट तर चालतंय की!’’ त्यांनी यूट्यूबवर कीर्तन लावूनही दाखवलं. नवऱ्याने आपला लॅपटॉप आणला. त्यालाही दिसेना. त्यात भर म्हणजे त्याच्या लॅपटॉपवर ऑफिसचं व्हीपीएन चालू होतं. ते चालू असताना लॅपटॉप जणू ऑफिसात बसलेला असतो आणि बऱ्याचदा घरातलं काहीच त्याला दिसत नाही. तेव्हा पहिला धडा : तपासणी करायला ऑफिसचा लॅपटॉप घेऊ नका.

शेवटी लेकीने युक्ती काढली. दोन्ही कॉम्प्युटरवर काळी खिडकी उघडून तिने ‘आयपीकॉन्फिग’ असं टाइप केलं आणि दोन्हींचे पत्ते कागदावर लिहिले. माझा पत्ता १९२.१६८.१ ने सुरू होत होता, आप्पांचा १९२.१६८.५ ने. घरच्या नेटवर्कवर साधारणपणे पहिले तीन आकडे सारखे असतात. एकाच गल्लीतली घरं म्हणा ना! आप्पांचं घर भलत्याच गल्लीत होतं.

‘‘बाबा,’’ लेक म्हणाली, ‘‘आजोबा गेस्ट वाय-फायवर आहेत.’’

मग आठवलं. २०२३ मध्ये आप्पा आले तेव्हा नवऱ्याने त्यांना पाहुण्यांसाठीच्या वाय-फायचा पासवर्ड दिला होता. ‘‘चुकून काही डाउनलोड झालं तर आपली यंत्रं सुरक्षित राहतील,’’ असा विचार. तात्पुरतं होतं ते. पण घरात तात्पुरतं म्हणून केलेलं किती वर्षं टिकतं, ते तुम्हाला मी सांगायला नको. पाहुण्यांच्या वाय-फायचं कामच असं असतं, की जोडणाऱ्याला इंटरनेट मिळावं, पण घरातल्या बाकी यंत्रांपर्यंत त्याचा हात पोहोचू नये. म्हणजे आप्पांचं कॉम्प्युटर सगळ्या जगाशी बोलू शकत होतं, फक्त आमच्याशी नाही.

लेकीने हे समजावल्यावर आप्पा हसले. ‘‘दोन वर्षं मग मी पाहुणाच म्हणायचा!’’ म्हणाले. त्यांनी गंमतीतच घेतलं. नवरा मात्र उठून स्वयंपाकघरात गेला आणि बराच वेळ पाणी पीत राहिला. आणि मी? ‘‘तुम्ही काही दाबलंत का’’ हे मी त्या दोन वर्षांत किती वेळा विचारलं असेल, त्याचा हिशेब मनात करत होते.

खात्याचं कुलूप

आप्पांना घरच्या वाय-फायवर घेतलं. तरी काम लगेच झालं नाही. नवं नेटवर्क जोडलं की विंडोज पुष्कळदा त्याला ‘पब्लिक’, म्हणजे स्टेशनवरच्या वाय-फायसारखं परकं समजतं आणि कॉम्प्युटर लपवून ठेवतं. आपल्या घरच्या नेटवर्कसाठी सेटिंगमध्ये ते ‘प्रायव्हेट’ करावं लागतं आणि ‘नेटवर्क डिस्कव्हरी’ व ‘फाइल शेअरिंग’ चालू करावं लागतं. हे दोन्ही कॉम्प्युटरवर बघा. आम्ही एकावरच केलं आणि अर्धा तास घालवला.

आता कॉम्प्युटर दिसलं, पण नाव आणि पासवर्ड मागू लागलं. आप्पांनी कधी पासवर्ड ठेवलाच नव्हता. मी जागा रिकामी सोडून एंटर दाबलं, नाकारलं. ज्या खात्याला पासवर्ड नाही, त्या खात्यातून नेटवर्कवरून आत येऊ द्यायचं नाही, असा विंडोजचा मूळचाच नियम आहे. समोर बसणाऱ्याला चालतं, लांबून येणाऱ्याला नाही. तुम्ही रोज चार आकडी पिन टाकून कॉम्प्युटर उघडत असाल, तर तो पिनही इथे चालत नाही. तो फक्त त्या यंत्रापुरता असतो. खात्याचा खरा पासवर्ड लागतो. आम्ही आप्पांच्या कॉम्प्युटरवर फक्त या कामासाठी एक वेगळं खातं केलं, त्याला पासवर्ड दिला आणि शेअर केलेल्या फोल्डरवर त्या खात्याला फक्त वाचण्याची परवानगी दिली. म्हणजे कॉपी करताना माझ्या हातून चुकून काही पुसलं जाण्याची भीती नाही.

या टप्प्यावर इंटरनेटवर शोधाल तर दोन सल्ले हमखास मिळतील. एक, पासवर्डची अटच काढून टाका. दोन, ‘एसएमबी १’ चालू करा. दोन्ही ऐकू नका. फाइली वाहून नेणाऱ्या पद्धतीला एसएमबी म्हणतात आणि ‘१’ ही तिची जुनी, कच्ची आवृत्ती. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीच्या व्हायरसने याच आवृत्तीतल्या भगदाडातून शिरून जगभरातली कॉम्प्युटर बंद पाडली. ब्रिटनमध्ये सरकारी रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. भगदाड बुजवणारा अपडेट त्याआधीच, मार्चमध्ये आला होता. ज्यांनी तो घेतला नव्हता, ते सापडले. त्याच वर्षाच्या अखेरीपासून नव्या विंडोजमध्ये एसएमबी १ आपोआप बसवणं बंद झालं. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या प्रो आवृत्तीत तर बिनपासवर्डाच्या पाहुण्या खात्याने जोडणंही मुळातच बंद आहे. दाराला कुलूप आहे म्हणून कोणी दार काढून ठेवत नाही. किल्ली करून घ्यावी.

पंचवीस तास

रात्री नऊला कॉपी सुरू झाली. वेग दाखवत होता सेकंदाला दोन एमबी. लेकीने हिशेब केला, १८० जीबीला पंचवीस तास. रात्रभर चालू द्यावं म्हणून आम्ही झोपलो. सकाळी बघते तर कॉपी अर्ध्या तासानंतरच थांबलेली. आप्पांचं कॉम्प्युटर अर्धा तास कोणी हात लावला नाही की झोपी जात होतं. लांबून कॉपी चालू असली, तरी सगळीच यंत्रं त्यासाठी जागी राहतात असं नाही. पॉवरच्या सेटिंगमध्ये ‘स्लीप’ला ‘नेव्हर’ केलं आणि पुन्हा सुरुवात केली.

त्या दुपारी आप्पा हॉलमध्ये आले. ‘‘आतून टकटक आवाज येतोय,’’ म्हणाले.

खोलीत जाऊन कान दिला. कॉम्प्युटरच्या पोटातून थांबून थांबून टक, टक असा आवाज. नवऱ्याचा चेहरा उतरला. हार्ड डिस्क असा आवाज करू लागली, की तिचे दिवस भरत आले असं समजायचं. कदाचित महिनाभर चालेल, कदाचित तासभर. हा आवाज तुमच्याकडे ऐकू आला, तर डिस्क तपासणारे, दुरुस्त करणारे प्रोग्रॅम चालवत बसू नका. त्यांनी तिच्यावर आणखी ताण येतो. आधी प्रत काढा, आणि सगळ्यात मोलाचं आधी.

‘‘आप्पा, यात सगळ्यात महत्त्वाचं काय आहे?’’ मी विचारलं. हा प्रश्न मी पहिल्या दिवशी विचारायला हवा होता.

आप्पा थोडं थांबले. मग त्यांनी एका फोल्डरवर बोट ठेवलं. त्याचं नाव नुसतं ‘रात्र’.

नाव फार लांब आहे

‘रात्र’ जेमतेम चारशे एमबीचा होता. तीन-चार मिनिटांचं काम. पण सुरू होताच कॉपी अडली. स्क्रीनवर चौकट आली, या फाइलचं नाव फार लांब आहे. लेकीने ते नाव मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि मध्येच थांबली. ‘नातीला झोपताना फोनवर सांगितलेली गोष्ट सतरावी चिमणीचं मेणाचं घर आणि कावळ्याचं शेणाचं घर यातला पाऊस तिला पुन्हा पुन्हा हवा होता म्हणून दोनदा’.

२०१५ मध्ये लेक चार वर्षांची होती. रात्री सासूबाई बेळगावहून फोन करायच्या आणि तिला गोष्ट सांगायच्या. एवढं मला आठवत होतं. मी तेव्हा भांडी आवरत असायचे. पण आप्पा फोन स्पीकरवर टाकून ते कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करत होते, हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. एक्केचाळीस गोष्टी होत्या.

तांत्रिक भाग आधी सांगून टाकते. विंडोजमध्ये फाइलचं नाव आणि ती ज्या फोल्डरांत आहे त्यांची नावं मिळून साधारण २६० अक्षरांची मर्यादा असते. मराठीत काना, मात्रा, वेलांटी प्रत्येकी वेगळं अक्षर म्हणून मोजलं जातं, म्हणून आपली मर्यादा लवकर संपते. मी कॉपी करत होते एकात एक अशा पाच फोल्डरांच्या आत. उपाय अगदी साधा. मी डी ड्राइव्हवर थेट ‘आ’ नावाचा फोल्डर केला आणि त्यात कॉपी केलं. एकाही फाइलचं नाव बदलावं लागलं नाही. आप्पांनी दिलेली नावं बदलायची माझी छातीही झाली नसती.

चार मिनिटांत एक्केचाळीस गोष्टी आल्या. लेकीने सतरावी लावली. खरखर, मग सासूबाईंचा आवाज. मधूनमधून आमच्या घरून बारीक ‘हं’. पाऊस दोनदा पडला. मग ‘हं’ येईनासा झाला. सासूबाई थांबल्या, म्हणाल्या, ‘‘झोपलीस का गं?’’ उत्तर नाही. तरी त्यांनी गोष्ट संपेपर्यंत सांगितली, आणि मग हळूच, ‘‘ठेवते हं.’’

लेक काही बोलली नाही. आजोबांच्या खुर्चीच्या हातावर जाऊन बसली. बऱ्याच वेळाने म्हणाली, ‘‘आजोबा, तुम्ही सांगितलं का नाहीत कधी?’’

‘‘तुम्ही सगळे कामात असता,’’ आप्पा म्हणाले. ‘‘आणि पाठवायला गेलो तर एवढं सगळं व्हॉट्सअ‍ॅपवरून कसं पाठवायचं ते जमेना. विचारलं तर आणखी काही बिघडवलं म्हणाल असं वाटलं.’’

ते माझ्यासाठी होतं. त्यांनी तसं म्हटलं नाही, पण होतं.

एष्ट्री?

उरलेल्या फाइलींना वाय-फायचा भरवसा नको, केबल टाकू असं ठरलं. दुसऱ्या दिवशी आजोबा आणि नात बनशंकरीहून ग्रीन लाइनच्या मेट्रोने चिकपेटला उतरून एसपी रोडला गेले. बेंगळुरूत राहत असाल तर हा रस्ता तुम्हाला ठाऊकच असेल. वायरीपासून मदरबोर्डपर्यंत सगळं मिळतं. दुकानदार हिंदीत बोलत होता. आप्पांनी विचारलं, ‘‘एष्ट्री?’’ त्या एका ‘री’वर दुकानदाराने मान वर केली. ‘‘बेळगाव?’’ म्हणाला. वीस मीटर कॅट ६ केबल घेऊन दोघं चहा पिऊन परतले.

केबल लावल्यावर एक गोष्ट जरूर तपासा. जोडणीचा वेग १००० दाखवतो की १००. केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. हजारासाठी चारही लागतात, शंभर दोनवरही चालतं. म्हणून एखादी तार तुटलेली किंवा टोक सैल असेल तर जोडणी चालू राहते, पण मुकाट्याने शंभरावर येते. आमच्याकडे शंभरच दिसत होतं. केबल नवी होती, आप्पांच्या जुन्या यंत्राची कुवतच तेवढी होती. तरी सेकंदाला अकरा एमबी मिळाले. पंचवीस तासांचे साडेचार झाले. आम्ही फोल्डरामागून फोल्डर, आप्पा सांगतील त्या क्रमाने घेतला. आप्पा शेजारी बसून प्रत्येक फोल्डर संपला की वहीत टिक करत होते. मूळ ठिकाणच्या आणि नव्या ठिकाणच्या फाइलींची संख्या ताडून पाहायची कल्पना त्यांचीच. नुसतं ‘झालं’ म्हणून चौकट बंद झाली यावर विश्वास ठेवू नका. आमच्या दोन फाइली राहिल्या होत्या, त्या वहीमुळे सापडल्या.

दोन व्हिडिओ मात्र निघालेच नाहीत. डिस्कचा तेवढा भाग वाचता येत नव्हता. त्यातला एक माझ्या डोहाळजेवणाचा होता. हळहळ वाटली, पण पाच दिवसांपूर्वी सुरुवात केली नसती तर काय काय गेलं असतं, याचा विचार केला आणि गप्प बसले.

आता सगळ्याच्या तीन प्रती आहेत. एक माझ्या लॅपटॉपवर, एक पोर्टेबल डिस्कवर आणि तिसरी बेळगावला नणंदेकडे. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक घराबाहेर, असा जाणकारांचा नियमच आहे. तिसरी प्रत आप्पा स्वतः राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने घेऊन गेले, डिस्क रुमालात गुंडाळून. कॉम्प्युटर अजून भंगारात गेलेलं नाही. टकटक करत नाही, कारण चालूच करत नाही. चादर घालून ठेवलंय.

आप्पांचा फोन आता घरच्या वाय-फायवर आहे. काही दिसेनासं झालं, की मी आधी माझ्या बाजूचं तपासते.

तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनचं, कॉम्प्युटरचं नेटवर्क कोणतं आहे, ते या रविवारी बघा. आणि त्यांना एवढंच विचारा, ‘‘यात सगळ्यात महत्त्वाचं काय आहे?’’ उत्तर कदाचित चारशे एमबीचंच असेल. ते आधी कॉपी करून घ्या.